मंडळात कोणी पॉझिटिव्ह निघालं तर काय करायचं: आमच्या कबड्डी मंडळाची उलटी वही

२०२५ च्या मे-जूनमध्ये कोरोनाच्या बातम्या परत सुरू झाल्या, तेव्हा बाजूच्या मंडळाच्या सेक्रेटरीचा मला फोन आला, अरे तुमच्याकडे ती नियमांची वही होती ना, फोटो काढून पाठव. वही म्हणजे काय तर एक लाँग बुक, पुढून वर्गणीचा हिशोब आणि मागून उलटी करून आम्ही कोरोनाचे नियम लिहिलेले. फोटो पाठवले पण माझं अक्षर त्याला लागेना, मग म्हटलं एकदा नीट टाईपच करून टाकू, कबड्डीवाल्यांना तर होईलच पण तालीम, क्रिकेट, खो-खो, ढोल पथक कोणालाही चालेल.

आधीच एक सांगतो. महाराष्ट्रातले सगळे कोरोना निर्बंध १ एप्रिल २०२२ पासून उठलेत, त्यामुळे आज हे काही सरकारी सक्तीचं नाही, मंडळाने स्वतःहून पाळायचं आहे. उद्या परत साथ आली आणि शासनाचा किंवा महापालिकेचा आदेश निघाला तर तो पहिला, ही वही नंतर.

आता ही वही का सुरू झाली ते, कारण ते कळल्याशिवाय पुढचे नियम विचित्र वाटतील. जानेवारी २०२२ चा पहिला आठवडा, ओमिक्रॉनचा. मुंबईत ७ जानेवारीला एका दिवसात २०,९७१ केसेस निघाल्या होत्या, आठवत असेल. आमचा सीझन ऐन भरात, स्पर्धा तोंडावर, आणि आमच्या मेन चढाईपटूला दोन दिवस घसा खवखवत होता. त्याने कोणाला सांगितलं नाही. क्रोसिन घेऊन रात्रीच्या प्रॅक्टिसला आला, दीड तास खेळला, तिसऱ्या दिवशी ताप भरला आणि टेस्ट पॉझिटिव्ह. पुढच्या पाच दिवसांत पकडीतले डावा कोपरा आणि उजवा मधला या जागांवरचे दोघं, राखीवमधले दोघं आणि आमचे कोच सर पॉझिटिव्ह. मी त्याला नंतर विचारलं का रे सांगितलं नाहीस, तर तो म्हणाला, सांगितलं असतं तर माझ्या जागी दुसरा खेळला असता आणि मग ती जागा मला परत मिळाली नसती.

त्याचं चुकलं हे खरं, पण मला त्या उत्तराचा राग आला नाही, कारण आधीच्या वर्षी पायाला लागून बसलेल्या पोराची जागा आम्ही खरंच दुसऱ्याला दिली होती आणि तो वर्षभर राखीवमध्ये सडला. पोरं बघत असतात हो सगळं.

म्हणून वहीतला पहिला नियम आजाराबद्दल नाहीच. पहिला नियम असा की जो स्वतःहून सांगेल की मला बरं नाही, त्याची संघातली जागा बरा होऊन येईपर्यंत राखून ठेवायची, आणि जो लपवेल आणि नंतर कळेल त्याला तीन मॅच बाहेर. हे कोच सरांनी सगळ्यांसमोर बोलायचं, कमिटीने सही करायची. बाकी मास्क, सॅनिटायझर, टेम्परेचर गन सगळं दुय्यम. पोरगं तोंड उघडत नसेल तर तुमच्या नियमांना काही अर्थच राहत नाही.

टेम्परेचर गनचं निघालंय तर तेही सांगून टाकतो, आम्ही घेतली होती एक, थंडीत बाईकवरून आलेल्या पोराच्या कपाळावर धरली की ३४ दाखवायची. मेलेल्या माणसाचं तरी बरं असेल. त्यात पॅरासिटामॉल घेतलेल्याचा ताप ती पकडणार कशी? त्याऐवजी आम्ही साधे चार प्रश्न ठेवले, प्रॅक्टिसच्या दोन तास आधी प्रत्येकाने उत्तर द्यायचं. घसा, खोकला, सर्दी आहे का? अंग दुखतंय किंवा कणकण आहे का? घरात कोणी आजारी आहे का? गोळी घेतलीयस का? उत्तर ग्रुपवर नाही, पर्सनलवर, आणि तेही कोचला नाही तर एका ठरलेल्या माणसाला. आमच्याकडे खजिनदार होते, वयाने मोठे, पोरं त्यांना काका म्हणतात आणि संघनिवडीत त्यांचा काडीचा हात नाही. हे मुद्दाम केलं. जो टीम काढतो त्यालाच आजार सांगायचा म्हटलं की पोरगं परत गप्प.

आता लक्षणं असलेला पोरगा. त्याने घरी थांबायचं, बस. बघू संध्याकाळी कसं वाटतंय वगैरे नाही. टेस्ट त्याच दिवशी करायची. घरच्या घरी करायच्या किटला आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, मे २०२१ मध्ये मान्यता दिली, पहिली आपल्या पुण्याच्या मायलॅबची कोव्हिसेल्फ, तेव्हा २५० रुपयांना होती. मंडळाने दहा किट घेऊन ठेवल्या होत्या कारण पोराला स्वतःच्या खिशातून घ्यायला लावलं की तो म्हणणार उद्या घेतो.

किट वापरताना आमच्या पोरांनी ज्या चुका केल्या त्या लिहितो, बाकी माहितीपत्रक आत असतंच आणि प्रत्येक कंपनीचं थोडं वेगळं असतं. एकाने काडी नाकाच्या टोकाला नुसती लावली, गुदगुल्या होतात म्हणून. तसं नाही चालत, दोन ते चार सेंटीमीटर आत घालून दोन्ही नाकपुड्यांत पाच-पाच वेळा फिरवायची. मग ती काडी नळीतल्या पाण्यात बुडवून नीट ढवळायची, खुणेवर मोडायची, नळीला टोपण लावायचं आणि दोन थेंब त्या पट्टीवर. पंधरा मिनिटं थांबायचं. पट्टीवर सी आणि टी अशा दोन खुणा असतात, दोन्हीवर रेष म्हणजे पॉझिटिव्ह, टीची रेष फिकट असली तरी पॉझिटिव्ह. नुसती सीवर म्हणजे निगेटिव्ह. सीवर काहीच नाही तर किट वाया गेली, दुसरी घ्या. दुसऱ्या एकाने टेस्ट लावली आणि जेवायला बसला, पाऊण तासाने बघून मला फोटो पाठवला, दादा फिकट रेष दिसते. वीस मिनिटांनंतर जे दिसतं ते धरायचं नसतं, त्यामुळे परत एक किट खर्च.

पॉझिटिव्ह आली तर पॉझिटिव्हच, ती खात्री करायला परत आरटीपीसीआरच्या, म्हणजे लॅबमधल्या टेस्टच्या, मागे लागू नका, आयसीएमआरने तसं स्पष्ट सांगितलं होतं. उलट मात्र चालत नाही. लक्षणं आहेत आणि किट निगेटिव्ह, तर मोकळा झालास असं नाही, आरटीपीसीआर करायची आणि रिपोर्ट येईपर्यंत मॅटकडे फिरकायचं नाही. इथे पोरं सगळ्यात जास्त हुज्जत घालतात, 'निगेटिव्ह आली ना मग काय' म्हणून. आरटीपीसीआर २०२० च्या मार्चमध्ये ४५०० रुपये होती, डिसेंबर २०२१ पर्यंत राज्याने लॅबमध्ये जाऊन करायचा दर ३५० वर आणला होता, त्यामुळे तेव्हा मंडळाच्या खिशाला झेपत होती.

आता बाकीच्यांचं काय, म्हणजे जे त्याच्याबरोबर खेळले. सरकारी व्याख्येत सहा फुटांच्या आत पंधरा मिनिटं वगैरे असतं. कबड्डीत ही मोजणी करणं म्हणजे चेष्टा आहे. तीस सेकंदाची चढाई, चढाईवाला मोठ्याने दम घालतोय, कबड्डी कबड्डी कबड्डी, समोर सात जण साखळी करून, मग चौघांनी त्याला खाली पाडलं, सगळ्यांची तोंडं एकमेकांच्या मानेवर. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव असं चालतं. तेव्हा आमच्या वहीत सरळ लिहिलं, त्या दिवशी ज्यांनी मॅटवर पाय ठेवला ते सगळे कॉन्टॅक्ट, कोण किती जवळ होता हा वाद घालायचा नाही. त्याआधी दोन दिवस जे त्याच्याबरोबर खेळले तेही.

पण मग अख्खं मंडळ बंद होणार ना? त्यावर उपाय एकच, बॅच. फेब्रुवारीत परत सुरू केलं तेव्हा अठरा पोरांच्या नऊ-नऊच्या दोन बॅच केल्या, एक सात वाजता, एक साडेआठला, मध्ये अर्धा तास मोकळा, आणि या बॅचच्या पोराने त्या बॅचमध्ये जायचं नाही म्हणजे नाही, एकजण कमी पडतोय म्हणून सुद्धा. चढाईपटू आणि कोपरे दोन्हीकडे वाटून टाकले म्हणजे एक बॅच बंद पडली तरी दुसऱ्यातून संघ उभा राहतो. सगळे चांगले खेळाडू एका बॅचमध्ये ठेवायचा मोह होतो, कोच सरांना झालाच होता. मार्चमध्ये पहिली बॅच सात दिवस बंद ठेवावी लागली आणि दुसरी आरामात चालू होती, तेव्हा ते मान्य झालं. आणि हजेरी रोज लिहा, तारीख वेळ नावं, निदान चौदा दिवसांची तरी हाताशी पाहिजे, नाहीतर सोमवारी कोण होतं यावर नुसती भांडणं होतात.

कॉन्टॅक्ट असलेल्या पोरांनी घाईने त्याच रात्री टेस्ट करू नये. केली तर निगेटिव्ह येणार आणि तो खुशाल फिरणार. लागण झाल्यावर टेस्टमध्ये दिसायला वेळ लागतो. आयसीएमआर मे २०२० पासून संपर्कानंतर पाचव्या ते दहाव्या दिवसात टेस्ट करा म्हणायचं, आम्ही पाचवा दिवस धरला. मधल्या काळात लक्षण दिसलं तर मात्र लगेच. १० जानेवारी २०२२ ला तर आयसीएमआरने नियम सैल केला की संपर्कातला माणूस वयस्कर किंवा आधीचा मोठा आजार असलेला नसेल तर टेस्टची गरजच नाही, लक्षणं नसलेल्यांचीही नाही. तरी आम्ही पाचव्या दिवसाची टेस्ट ठेवली, कारण आमच्या पोरांच्या घरी आजी-आजोबा आहेत आणि खोली दहा बाय बाराची. रोज सगळ्यांची टेस्ट वगैरे मात्र डोक्यात आणू नका, ते प्रो कबड्डीवाल्यांचं काम, त्यांचा आठवा सीझन बंगळुरूत बायोबबल करून, म्हणजे सगळ्यांना बाहेरच्यांपासून तोडून, एकाच हॉटेलात प्रेक्षकांशिवाय खेळवला आणि तरी मध्ये संघांत केसेस निघून वेळापत्रक बदलावं लागलं. आयपीएल २०२१ तर मे महिन्यात थांबवून सप्टेंबरात दुबईकडे न्यावी लागली. आपल्याकडे वडापावच्या बजेटमध्ये काय बबल होणार.

आता आयसोलेशन. दिवस किती हा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर साथीबरोबर बदलत जातं, म्हणून वहीत तो आकडा पेन्सिलने लिहा. मे २०२० मध्ये होम आयसोलेशन सतरा दिवसांचं होतं, जुलैत दहाचं झालं, ५ जानेवारी २०२२ ला सौम्य लक्षणांसाठी सातवर आलं. तो सातचा नियम असा होता की पॉझिटिव्ह आल्यापासून कमीत कमी सात दिवस आणि शेवटचे सलग तीन दिवस ताप नाही. दोन्ही अटी पाहिजेत. आणि ताप नाही म्हणजे गोळी न घेता नाही, हे आम्ही आमच्याकडून जोडलं, का ते वर वाचलंत.

चाळीत वेगळी खोली कुठून आणायची? हा खरा प्रश्न आहे आणि सरकारी पत्रकात याचं उत्तर नसतं, तिथे वेगळी खोली, हवेशीर, जमलं तर वेगळं संडास असं सगळं लिहिलेलं असतं. आमच्याकडे मजल्यावर चार संडास आणि वीस खोल्या. महापालिकेची कोविड केअर सेंटर चालू होती तेव्हा आम्ही सरळ वॉर्डाच्या वॉर रूमला, म्हणजे कोविडच्या कंट्रोल रूमला, फोन करायचो, चोवीस वॉर्डांना चोवीस वॉर रूम होत्या, आणि पोराला तिकडे पाठवायचो. पोरं आधी घाबरतात, मग तिथे मोबाईल आणि तीन वेळचं जेवण म्हटल्यावर परत यायचं नाव घेत नाहीत. सेंटर नसेल तेव्हा काय केलं ते सांगतो. पोटमाळा त्याला, खाली बाकीचे, खिडकी-दार दिवसभर उघडं, टेबलफॅनचं तोंड बाहेरच्या दिशेला. घरातल्या एकाच माणसाने त्याचं बघायचं, तोही तरुण आणि लस घेतलेला. संडासला जाताना चांगला मास्क, गर्दीच्या वेळेत नाही, पहाटे लवकर किंवा अकराच्या पुढे, आणि त्याच्यानंतर अर्धा तास दार उघडं टाकायचं. त्याच्यासाठी वेगळी बादली. मजल्यावरच्यांना सांगायचं की नाही यावर आमच्या कमिटीत तासभर वाद झाला आणि तोपर्यंत अख्ख्या चाळीला कळलंही होतं.

मंडळाचं ऑफिस कोणी आयसोलेशनला मागेल, देऊ नका. आम्हालाही वाटलं होतं चांगलं काम होईल, पण तिथे संडास नाही, रात्री बघायला कोणी नाही, काही झालं तर कोण जबाबदार.

तब्येतीवर लक्ष ठेवायला मंडळाचा एक ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं यंत्र, असू द्या. बोट गरम पाहिजे, पाच मिनिटं शांत बसून मग लावायचा. एका तासात तीन वेळा बघून आकडा ९३ किंवा खाली येत असेल, शंभरवर ताप तीन दिवसांनंतरही उतरत नसेल, श्वास लागत असेल, छातीत दुखत किंवा दाबल्यासारखं होत असेल, पोरगं बरळत असेल, तर डॉक्टर, ताबडतोब, ग्रुपवर चर्चा नाही. आणि कोणाच्या तरी मामाने सांगितलं म्हणून स्टेरॉईड चालू करणं किंवा स्वतःच जाऊन सीटी स्कॅन काढणं अजिबात नाही. आमच्यात एकाने सीटी स्कॅन काढला होता, हजारो रुपये, आणि डॉक्टर म्हणाले कशाला काढलास.

पैशाचं पण बोलायला हवं. आमच्यातले निम्मे पोरं रोजावर, कुरिअर, डिलिव्हरी, केटरिंग. सात दिवस घरी बस म्हणजे सात दिवसांचा पगार गेला. लपवण्याचं दुसरं कारण हेच. आम्ही गणपतीच्या शिलकीतून दर पॉझिटिव्ह पोराच्या घरी आठवड्याचा किराणा द्यायचं ठरवलं, तांदूळ, डाळ, तेल, साखर, चहा, अंडी. पैसे हातात देण्यापेक्षा हे बरं पडलं, घरच्यांना मागायला लाज वाटली नाही. कमिटीत एक-दोघं कुरकुरले, मंडळ काय धर्मादाय आहे का म्हणून. मी म्हटलं मंडपाचं झुंबर पुढच्या वर्षी छोटं घेऊ.

नाव गुप्त ठेवण्याबद्दल: ग्रुपवर फक्त एवढंच जायचं की 'पहिली बॅच अमुक तारखेपर्यंत बंद, काका फोन करतील'. कोण ते लिहायचं नाही, रिपोर्टचा फोटो तर नाहीच. किशोर गटाची पोरं असतील तर आधी आईवडिलांना फोन, मग बाकी सगळं. पोराच्या हातून निरोप पाठवू नका, तो पोचत नाही.

बरा झाल्यावर परत टेस्ट करायची का? नाही. हे ठळक लिहा भिंतीवर. आयसोलेशनचे दिवस आणि तापाची अट पूर्ण झाली की परत टेस्टची गरज नाही असं त्या सरकारी नियमातच होतं. आमच्या एका पोराने सगळे दिवस नीट पाळले, बरा झाला, आणि तीन आठवड्यांनी एका स्पर्धेच्या आयोजकांनी ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह आरटीपीसीआर मागितला. केली, आली पॉझिटिव्ह. पोरगा ठणठणीत, पण शरीरात विषाणूचे मेलेले तुकडे कित्येक दिवस राहतात आणि ही टेस्ट ते पकडते. आयोजक ऐकेनात, तो बाहेर बसला, रडला बिचारा. तेव्हा तुम्ही स्पर्धा भरवणार असाल तर फॉर्मवर एक ओळ घाला, नुकतंच होऊन गेलेल्याला पहिल्या पॉझिटिव्ह रिपोर्टची तारीख पुरेशी. आणि रिपोर्ट मागत असाल तर त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून बघा, आमच्याकडे एका पाहुण्या संघाच्या दोन रिपोर्टवर नाव वेगळं आणि नमुना क्रमांक एकच होता.

परत मॅटवर कसं यायचं हा भाग बहुतेक मंडळं सोडून देतात. आठव्या दिवशी दार उघडलं की पोरगं थेट चढाईला. आमचा तो चढाईपटू, ज्याच्यापासून सगळं सुरू झालं, त्याला फेब्रुवारीत पहिल्याच दिवशी आम्ही उतरवलं. एरवी तीस सेकंद एका दमात सहज काढणारा, त्या दिवशी बाराव्या सेकंदाला आवाज चिरका झाला, दम तुटला आणि मध्यरेषेला हात टेकून तो वाकून उभा राहिला, कोणी शिवलंही नव्हतं. सगळे गप्प. तेव्हापासून नियम केला, पहिले दोन दिवस नुसतं चालणं, मग दोन दिवस हलकं धावणं, मग एकट्याने पायाचं काम आणि मोकळी चढाई, समोर कोणी नाही, दम न घालता. मग दम घालून. मग हलकी पकड, आणि सगळं ठीक असेल तर पूर्ण खेळ. साधारण आठ-दहा दिवस लागतात. कुठल्याही पायरीवर छातीत दुखलं, धडधड वाढून थांबेना, चक्कर आली तर थांबायचं आणि डॉक्टरकडे जाऊन ईसीजी, कारण या आजारात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, क्वचितच येते पण खेळाडूला तीच महागात पडते. तिसऱ्या मजल्यावर चढताना धाप लागते का ही आमची घरगुती परीक्षा, ती पास झाल्याशिवाय धावायला पण घेत नव्हतो.

स्वच्छतेचं थोडक्यात. पाण्याची बाटली ज्याची त्याची, टॉवेल आणि नी-कॅप उसने द्यायचे नाहीत, मॅट साबणाच्या पाण्याने पुसायची. आम्ही सुरुवातीला हायपोक्लोराईट मारून मारून मॅटचा रंग घालवला, बोनस रेषा दिसेना. आजार मुख्यतः हवेतून पसरतो, तेव्हा बंद हॉलपेक्षा मैदान बरं, हॉलच असेल तर सगळी दारं उघडी, आणि खेळून झाल्यावर कोंडाळं करून आरोळी द्यायची सवय तेवढ्या दिवसांपुरती सोडा.

आणि हो, कपाटातल्या किट वापरण्याआधी त्यावरची एक्सपायरी बघा. मी हे लिहायला बसण्याआधी आमच्या काढल्या, सहा उरल्या होत्या, सहाच्या सहा बाद. काकांना सांगितलंय नवीन चार घ्यायला, ते म्हणतात बिल कुठल्या खात्यात टाकू.